सेगुलाबाईच्या दहा मुठी

फार वर्षांपूर्वी, आवळोलीच्या खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडे जायचं तर ओहोटी बघून कमरेएवढ्या पाण्यातून जावं लागायचं, तेव्हाची ही गोष्ट. गावात आगरी होते, भंडारी होते, चार घरं माळ्यांची होती आणि बारा घरं शनवार तेल्यांची. शनवार तेली म्हणजे आपले बेने इस्रायल, कोकणातले यहुदी. शनिवारी घाण्याला बैल जुंपायचे नाहीत, म्हणून लोकांनी तसं नाव पाडलं. नावात खोटं काही नव्हतं, म्हणून कोणी रागावलंही नाही.

त्या बारा घरांतलं एक घर सेगुलाबाईचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. दीर म्हणाले, घाणा मोड, आमच्यात येऊन राहा, दोन वेळचं जेव. ती म्हणाली, "जेवायला येईन. राहायला नाही." आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः घाणा हाकायला लागली. बाईमाणूस घाणा हाकतंय हे आवळोलीनं तोवर बघितलं नव्हतं. जीभ अशी की तिनं तोंड उघडलं की बैल कान पाडायचा. पण तेल चोख. असं म्हणतात, भंडाऱ्यांच्या बायका तिचं खोबरेल वाटीत घेऊन त्यात तोंड बघून कुंकू लावायच्या, आरसा लागायचा नाही.

घरामागं तिची विहीर होती. खाडीकाठच्या गावात बाकी विहिरींचं पाणी मचूळ, हिचं गोड. त्यामुळं दहा घरं तिथं पाणी भरायची आणि सेगुलाबाईनं कोणाला जात विचारली नाही की वेळ विचारली नाही. विहिरीला कठडा नव्हता. त्या काळी कोणाच्याच विहिरीला नव्हता. जमिनीत भोक, भोवती चार सपाट दगड, वर आडवं लाकूड, झाली विहीर. आणि त्याच दगडांवर सेगुलाबाई तेलाचे बुधले राखेनं घासायची. राखेनं बुधले निघायचे, दगड निघायचे नाहीत. वर्षानुवर्षं तेल पिऊन ते दगड काळे तुकतुकीत झाले होते. सगळ्या बायका तिथं पाय जपून टाकायच्या. जपून टाकायच्या, एवढंच. बोलली कोणी नाही. रोजचं असलं की माणसाला काही दिसत नाही.

राघो भंडाऱ्याची बायको गोदी. लग्नाला तीन वर्षं झालेली, हसरी पोर. कार्तिकातल्या एका सकाळी ती पाण्याला आली. सेगुलाबाई घाण्यावर होती, पाठमोरी. मागं डुबुक असा आवाज झाला. सेगुलाबाईनं मान वळवली नाही. ओरडून म्हणाली, "गोदे, पोहरा पाडलास ना परत? काढ आता तुझ्या नवऱ्याला माडावरून बोलावून." आणि बैलाला चुचकारलं. बैलानं एक फेरा पुरा केला. फेरा पुरा झाला आणि सेगुलाबाईच्या ध्यानात आलं की गोदी उलटून बोलली नाही. गोदी न बोलता राहणारी नव्हती.

ती धावली तेव्हा घागर पाण्यावर तरंगत होती. माणसं उतरली, दोर सोडले, गोदीला वर काढलं. उशीर झाला होता. किती उशीर? बैलाच्या एका फेऱ्याएवढा. बाकी कोणाला ते ठाऊक नव्हतं, सेगुलाबाईला होतं.

सगळं गाव म्हणालं, नशीब. शनवार तेल्यांचा मुकादम एलोजी, गावात त्याचा शब्द मोठा, तोही म्हणाला, "बोलावणं आलं की पाय घसरायला निमित्त लागतं." आठ दिवस सेगुलाबाई ते दगड वाळूनं घासत होती. तेल जाईना. नवव्या दिवशी ती राघोच्या दारात गेली.

"राघो, मला चार शिव्या दे."

राघो खाली बघत म्हणाला, "तुजा काय दोष, बाय. तिचं नशीब व्हतं."

"नशीब तिचं असेल. दगड माझे होते."

"नशीब," राघो म्हणाला आणि आत गेला. पुढंही तो आपल्या म्हाताऱ्या आईसाठी पाणी न्यायला त्याच विहिरीवर यायचा. तोंड वळवून पोहरा सोडायचा, तोंड वळवून ओढायचा. सेगुलाबाई ते रोज बघायची. असं म्हणतात, त्या वर्षी तिच्या घाण्याचं तेल कडू निघालं. खोबरं तेच, बैल तोच, तेल कडू.

वर्ष उलटलं आणि कोचीनहून एक गुरुजी आले, शेलोमो गुरुजी. आपल्या लोकांना शेमा ही प्रार्थना तेवढी पाठ, बाकी सगळं पूर्वजांचं जहाज फुटलं तेव्हा समुद्रात बुडालेलं, ते शिकवायला कोचीनचे गुरुजी तेव्हा गावोगाव हिंडायचे. मराठी बेतास बात, पण माणूस गोड. मुकादमाच्या ओटीवर ते रोज एक नियम सांगायचे. एके दिवशी त्यांनी सांगितलं, की नवं घर बांधाल तर धाब्याला कठडा घाला. कोणी वरून पडला तर त्याचं रक्त तुमच्या घरावर येईल, ते येऊ देऊ नका.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. धाबं म्हणजे सपाट छप्पर. आवळोलीत सगळी घरं कौलांची नाहीतर गवताची, उतरत्या छपराची. वर जाणार कोण, तर मांजर. एकजण म्हणाला, "हा नियम आपल्याला लागत नाही, सुटलो." पण मुकादम एलोजीला सुटायचं नव्हतं, त्याला दिसायचं होतं. त्यानं बांबू आणवले आणि आपल्या घराच्या आढ्यावर, ऐन कौलांच्या टोकाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत कठडा बांधून घेतला. गाव बघायला जमलं. कावळे ओळीनं त्यावर येऊन बसले. आगऱ्यांची एक म्हातारी म्हणाली, "बरं झालं मुकादम, आता तुमचा एकही कावळा पडायचा नाही."

त्याच संध्याकाळी सेगुलाबाई गुरुजींपुढं जाऊन उभी राहिली. बायका असं उभ्या राहत नसत.

"गुरुजी, तो नियम विहिरीला लागतो का?"

गुरुजींनी तिच्याकडे नीट बघितलं. म्हणाले, "लागते. जिथून माणूस पडेल, तिथं सगळीकडे लागते."

"केवढा लागतो?"

गुरुजींनी जमिनीवर मूठ ठेवली, तिच्यावर दुसरी मूठ. "असं दहा मूठ उंच. आणि मजबूत. माणूस सगळा अंग टाकला तरी हलायचा नाही. हलला तर तो कठडा नाही."

"आणि ज्याच्या नशिबात पडायचंच आहे तो?"

"तो कुठंतरी पडेल," गुरुजी म्हणाले. "तुमच्या घरी का पडावा? नशीब त्याचं. भोक तुमचं."

वर्षभर सगळं गाव तिला उलटं सांगत होतं, आणि हा परगावचा माणूस मोडक्या मराठीत बरोबर तेच बोलला जे ती राघोच्या दारात बोलून आली होती. तिनं विचारलं, "पडून गेलं असेल कोणी, तर?"

गुरुजी म्हणाले, "मग कठडा अजून लवकर घाला."

दुसऱ्या दिवशी तिनं घाणा थांबवला. ते तेलकट दगड पहारीनं उपटले आणि बैलाला जुंपून खाडीत नेऊन टाकले. गवंड्याकडून चुना मळायला शिकली. काळा दगड घेऊन विहिरीला गोल कठडा बांधला, जमिनीपासून आपल्या दहा मुठींचा. वाळला तशी त्याला पाठ लावून तिनं सगळं अंग टाकलं. हलला नाही. असं म्हणतात, त्या दिवसानंतर तेल परत गोड झालं. पण सेगुलाबाई मात्र पहिल्यासारखी झाली नाही, ती आणखी कडक झाली. आपली विहीर झाली, आता दुसऱ्यांच्या.

लोकांनी ऐकलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. दारोदार तिनं शिव्या खाल्ल्या. एक माळी म्हणाला, "तुझ्या विहिरीत माणूस गेलं म्हणून आमच्या विहिरी का बांधायच्या, सेगुलाबाय?"

"माझ्यात गेलं म्हणून मला कळलं," ती म्हणाली. "तुला कळायला घरातलं कोण ठेवलंयस? नाव सांग. मी त्याला तसं सांगून ठेवते."

माळ्याच्या बायकोनं आतूनच हाक मारली, "दगड कुठं टाकायचे ते सांगा हो बाई."

अशा तिनं दोन वर्षांत नऊ विहिरींना कठडे बांधले. पोटमाळ्यावर जायच्या शिड्यांना आडवे दांडे लावले, ओटे उंच होते तिथं लाकडी कठडे लावले. पोरं मागून ओरडायची, कठडेबाय, कठडेबाय. ती मागं वळून म्हणायची, "या, टेका. हलतो का बघा." पोरं टेकायची. हलायचा नाही.

राहिली एक विहीर, गावातली सगळ्यात मोठी. मुकादम एलोजीची. ती ऐन अंगणाला लागून, माडाच्या सावलीत, आठ पुरुष खोल. मुकादम म्हणायचा, "माझ्या घराला कठडा आहे, साऱ्या गावानं बघितलाय. एका घराला दोन लागत नाहीत." आणि सेगुलाबाई म्हणायची, "तुमच्या कावळ्यांची सोय झाली, मुकादम. माणसांचं बोला."

तेवढ्यात मुकादमाच्या लेकीचं लग्न ठरलं, रविवारचं. शनिवारी आपल्या लोकांना प्रवास नाही, म्हणून चारी गावांची पाहुणेमंडळी शुक्रवारीच दिवसाउजेडी येऊन पडणार आणि अख्खा शनिवार मुक्काम करणार. शनिवारी काम नाही, चूल नाही. माणसं करणार काय? जिथं सावली तिथं बसणार. सावली कुठं? विहिरीवर. सेगुलाबाईला हे सगळं डोळ्यांपुढं दिसलं आणि तिनं निरोप धाडला, उघड्या विहिरीच्या लग्नाला माझ्या घाण्याचं तेल मिळणार नाही. मुकादमाचा स्वतःचा घाणा नव्हता, आणि बाकीच्या दहा घाण्यांच्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांना काय सांगितलं देव जाणे, पण बुधवारपर्यंत मुकादमाच्या घरी पणतीपुरतंही तेल पोचलं नाही.

बुधवारी संध्याकाळी मुकादम म्हणाला, "बांध बाई, बांध एकदाचा."

गुरुवारी पहाटे तिनं गवंडी लावले. स्वतः चुना वाहिला. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. विहीर मोठी, दिवस दोन. सूर्य खाडीकडं उतरला तेव्हा सगळा कठडा झाला होता, फक्त दोन हातांची फट राहिली होती, आणि तीही नेमकी अंगणाच्या बाजूला. लग्नासाठी परत आलेल्या गुरुजींनी ओटीवरून हाक दिली, "शब्बाथ आला." गवंड्यांनी थापी खाली ठेवली. आपला शनिवार शुक्रवारी दिवस मावळताच लागतो, आता उद्या तीन तारे दिसेपर्यंत दगडावर दगड ठेवायचा नाही.

मुकादम म्हणाला, "बाज आडवी लावू."

"बाजेवर अंग टाकलं की बाज सरकते."

"दोरी तरी आधीच बांधून ठेवायला हवी होती."

"दोरी माणसाला थांबवत नाही, फसवते. दिसली म्हणून माणूस टेकतो." सेगुलाबाईनं हात धुतले, पदर खोचला आणि जाऊन त्या फटीत उभी राहिली. पाठ विहिरीकडं, तोंड अंगणाकडं, दोन्ही हात दोन्ही बाजूंच्या दगडांवर. "काम करू नये असं आहे ना? मी काम करत नाही. मी उभी आहे."

ती उभी राहिली ती राहिलीच. रात्र गेली. दिरांनी हात जोडले, बायकांनी भाकर तुकडा तिच्या तोंडात घातला, तो तिनं हात न सोडता खाल्ला. पाहुण्यांपैकी काही हसले. एक पोरसवदा जावई म्हणाला, "आवळोलीत माणसांचे कठडे करतात वाटतं." ती म्हणाली, "मुकादम उशिरा जागे झाले तर करतात."

सकाळ झाली तेव्हा तिच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या होत्या. तिला ते कळत होतं आणि मागं आठ पुरुष पाणी आहे हेही कळत होतं. तेवढ्यात राघो भंडारी आला. माडावर चढायचा दोर खांद्यावर. तिच्यासमोर उभा राहिला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं.

"बाय," तो म्हणाला, "गोदी नशिबानं नाय गेली. तुज्या तेलानं गेली."

"हो," सेगुलाबाई म्हणाली.

"तवा बोललो नाय. आयला मचूळ पाणी सोसत नव्हतं. तुज्या विहिरीवर यायचं व्हतं रोज, म्हणून नशीब म्हटलं."

"मला ठाऊक होतं."

"मला राग व्हता तुजा."

"असू दे. तो तुझाच आहे. ठेव पाहिजे तेवढे दिवस."

राघोनं खांद्यावरचा दोर काढला, तिच्या कमरेला दोन वेढे दिले, गाठ मारली आणि दुसरं टोक अंगणातल्या माडाच्या बुंध्याला नेऊन बांधलं. सेगुलाबाईनं त्याला बांध म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "हे कशाला?"

"तू पडलीस तर विहीर मुकादमाची," राघो म्हणाला. "पण बघत उभा मी व्हतो."

गाठ मारणं शनिवारी चालतं का, असं नंतर कोणीतरी गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, "मी तेव्हा पोथी वाचत होतो."

दुपार कलली. वरपक्षाकडचे हायमजी व्याही बोलायला उभे राहिले. माणूस प्रेमळ, पण वजन असं की गाडीत बसले की बैल मागं वळून बघायचे. ते आपल्या तरुणपणी वाघ कसा भेटला ते सांगत होते. वाघ पुढं आला, ते मागं सरले. वाघ आणखी पुढं आला, ते आणखी मागं सरले. पोरं टाळ्या पिटत होती. सेगुलाबाई ओरडली, "व्याही, बास." पण व्याह्यांना वाघापुढं दुसरं काही ऐकू येत नव्हतं. शेवटचं पाऊल पडलं ते त्यांच्याच धोतराच्या सोग्यावर, आणि सगळा माणूस उलटा येऊन तिच्यावर आदळला.

तिचे हात सुटले. पाय सुटले नाहीत. ती मागं वाकली, व्याही तिच्यावर, दोघांची डोकी विहिरीच्या तोंडावर. दोर ताणला. असं म्हणतात, तेव्हा अंगणातला तो माड वाकला. गवताची काडी वाकावी तसा बुंध्यापासून वाकला, इतका की त्याच्या झावळ्या विहिरीत उतरल्या आणि पाण्याला लागल्या. सगळ्यांना वाटलं, मोडला. मग तो माड हळूहळू, म्हातारा माणूस उठतो तसा, सरळ झाला. आणि सरळ होताना त्यानं सेगुलाबाईला आणि तिच्या अंगावरच्या व्याह्यांना दोघांनाही अंगणात आणून उभं केलं. व्याह्यांच्या डोक्यावरची टोपीसुद्धा पडली नाही.

मुकादम सेगुलाबाईपुढं आला आणि म्हणाला, "माझ्या लेकीचं लग्न उद्या रक्तावर लागलं असतं."

"असतं," सेगुलाबाई म्हणाली. "सरका, मला परत तिथं उभं राहू दे. तारे अजून दिसले नाहीत."

ती परत जाऊन उभी राहिली. या खेपेला एकटी नव्हती. एका बाजूला राघो उभा राहिला, दुसऱ्या बाजूला मुकादम. तीन तारे दिसले तसे गुरुजींनीच पहिला दगड उचलला आणि कठडा घालण्याचा आशीर्वाद म्हटला. दुसऱ्या दिवशी मांडवाला बांबू कमी पडले तेव्हा मुकादमानं स्वतः शिडी लावून आढ्यावरचा कठडा उतरवला. कावळे दोन दिवस ओरडत होते म्हणतात.

सेगुलाबाई पुढं पुष्कळ वर्षं जगली आणि खाडीच्या दोन्ही तीरांवर तिनं विहिरी बांधल्या. किती, ते कोणी मोजलं नाही. राघो शेवटपर्यंत तिच्या विहिरीवर पाणी भरायला यायचा, समोर बघून. ती गेली तेव्हा तिला खांदा द्यायला गावातली सगळी घरं होती. मुकादमाच्या विहिरीच्या कठड्यात एके जागी दोन हातांएवढे दगड वेगळ्या रंगाचे आहेत. तिथं खाली बघितलं तर पावलांसारखे दोन खळगे दिसतात. ते पाण्यानं पडले असतील असं शिकलेली माणसं सांगतात. सांगोत.

आज आवळोलीत शनवार तेल्यांचं एकच घर राहिलं आहे. बाकीची इस्रायलला गेली. घाणे तर कधीच थांबले. पण गावात कोणीही, आगरी असो, भंडारी असो, माळी असो, घर बांधायला काढलं की दाराची चौकट मागून बसते, कठडा आधी. विहिरीचा, जिन्याचा, आता स्लॅबच्या गच्चीचा. घरातली सगळ्यात मोठी बाई मुठीवर मूठ ठेवून दहा मोजते. मग गावातल्या सगळ्यात जड माणसाला मानानं बोलावतात. तो येतो, कठड्याला पाठ लावतो आणि सगळं अंग टाकतो. हलला नाही तर त्याला मलिद्याचं ताट. जरा जरी हलला तरी तो न जेवता घरी जातो आणि मालकाची गावभर नाचक्की होते. सध्या हा मान आगरवाडीतल्या जनार्दन ठाकूरचा आहे. हल्ली बांधकामं वाढली आहेत, त्यामुळं त्याचं वजन काही उतरत नाही.

आणि ज्या इस्रायलला गेल्या त्या आवळोलीच्या बायका आता चौथ्या-पाचव्या मजल्यावर राहतात. त्या लेकीच्या, भाचीच्या नव्या घरी पहिल्यांदा गेल्या की चपला काढत नाहीत, बसत नाहीत, पाणी घेत नाहीत. तशाच गॅलरीत जातात, कठड्याला पाठ लावतात आणि डोळे मिटून सगळं अंग सोडून देतात. घरातले सगळे दारात उभे असतात. मग म्हातारी डोळे उघडते आणि म्हणते, "आण पाणी."